खारा वारा आणि रायफलची गोळी

वैशाखातल्या दुपारी गुहागरला ओटीवर बसलं की कुणीतरी म्हणतंच, "आज हवा कशी जड झालीय!" मग ही दमट हवा रायफलच्या गोळीलाही जास्त अडवत असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. पाण्याच्या रेणूचा भार 18, नायट्रोजनचा 28, ऑक्सिजनचा 32. बाष्प हवेत शिरतं ते या जड रेणूंची जागा घेऊन, म्हणून दमट हवा कोरडीपेक्षा हलकी. फरक मात्र चिमूटभर. 30 अंशांना हवा बाष्पाने तुडुंब भरली तरी घनता जेमतेम दीड टक्का उतरते. तापमान 20 वरून 35 अंशांवर गेलं तर पाचेक टक्के. आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलंत, तर हवेचा दाबच सुमारे 15 टक्के कमी. तिथल्या विरळ हवेत गोळीचा वेग कमी मरतो आणि ती वर लागते. दमटपणाची काळजी करायची ती नळी गंजू नये एवढ्यापुरती.

किनाऱ्यावर खरा खोडकर तो वारा. कोकणपट्टी उत्तर-दक्षिण पसरलेली. किनाऱ्याला समांतर नेम धरलात तर पहाटेचा मतलई पूर्वेकडून आडवा, दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून आडवा. सकाळी मतलईच्या हिशोबाने साईट जुळवली आणि दुपारी तशीच ठेवली, तर चूक दुप्पट.

वारा गोळीला होडीसारखा वाहवत नेतो, असं आपल्याला वाटतं. समजा गोळी 800 मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली आणि 1000 मीटर जायला तिला पावणेदोन सेकंद लागले. आडवा वारा सेकंदाला 4 मीटर. म्हणजे ती 7 मीटर सरकायला हवी. सरकते सुमारे 2 मीटर. कारण स्वतःभोवती गरगरणारी गोळी समोरून येणाऱ्या हवेकडे नाक किंचित वळवते आणि हवेचा रोध तिला जरासा तिरका मागे खेचतो. हवाच नसती तर हे अंतर सव्वा सेकंदात कापलं असतं. रोधामुळे वाया गेलेला तो अर्धा सेकंद गुणिले वाऱ्याचा वेग, एवढीच ती सरकते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम गप्पांत फार रंगतो, पण रत्नागिरीच्या अक्षांशावर तो याच गोळीला चारेक सेंटीमीटर उजवीकडे नेतो, बस्स.

वारा ओळखायचा कसा? माडाच्या झावळ्या उंचावरचा वारा सांगतात, सुरूच्या बनात तो मोडून भोवरे होतो. राजापूरकडच्या तापलेल्या कातळसड्यावर मात्र दुर्बिणीतून मृगजळ बघावं. त्याच्या लाटा ज्या दिशेला वाहतात तिकडे वारा चाललाय. त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडलाय, नाहीतर नेमाच्या रेषेतच वाहतोय.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेंनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते 50 मीटरवर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं, आणि सेकंदाला 4 मीटरचाच आडवा वारा तिथल्या पॉइंट बावीसच्या (0.22 इंच जाडीच्या) छोट्या गोळीला अडीच-तीन सेंटीमीटर हलवू शकतो.

कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला 25 मीटरवर माझ्या गोळ्या वीतभर डावीकडे गेल्या होत्या. मी खाऱ्या वाऱ्याचं कारण पुढे केलं होतं. परवा हिशोब मांडला: एवढ्या अंतरावर तो वारा गोळीला हलवतो पाऊण सेंटीमीटर.