कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर सायकल

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुल्फ क्रीक नावाची खिंड आहे. उंची ३,३०९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे ही खिंड त्याच्या दुप्पट उंच. तिचा पश्चिमेकडचा चढ सुरू होतो ते पगोसा स्प्रिंग्ज हे गावच सुमारे २,१७० मीटरवर वसलंय. कसारा, वरंधा, ताम्हिणी कितीही वेळा चढून पाय घडवता येतात, पण त्या उंचीवरच्या हवेचा सराव महाराष्ट्रात कुठेच करता येत नाही.

२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ सायकलवरून ही खिंड ओलांडून गेले. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत होती, सुमारे ४,८०० किलोमीटरची. दोघांच्या संघाला आळीपाळीनं सायकल चालवून नऊ दिवसांत ती पूर्ण करावी लागते. महाजन बंधूंनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत केली. ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे नाव घेऊन ते उतरले होते, आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच स्पर्धा एकेकट्यानं पूर्ण केली. अनेक संघ या स्पर्धेत असं एखादं सामाजिक काम पाठीशी घेऊन उतरतात.

अशा कामासाठी देणग्या गोळा करत केलेल्या सायकलफेरीत, म्हणजे चॅरिटी राइडमध्ये, एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देणगीदार तुम्ही खिंड किती मिनिटांत चढलात हे विचारत नाहीत, शेवटपर्यंत पोचलात का एवढंच विचारतात. योगायोग असा की, डोंगर चढण्याचं विज्ञानही नेमकी हीच शहाणीव शिकवतं.

आधी वजनाचा हिशोब बघू. स्वार, सायकल, पाणी, कपडे मिळून ८० किलो धरा. पगोसा स्प्रिंग्जपासून खिंडीच्या माथ्यापर्यंत उभी चढाई साधारण १,१४० मीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावं लागणारं काम होतं जवळपास ९०० किलोज्यूल. ते टळत नाही. दोन तासांत चढा नाहीतर चार तासांत, गुरुत्वाकर्षणाचा आकडा तोच राहतो. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे ९०० किलोज्यूल कामासाठी शरीर खर्च करतं सुमारे ९०० किलोकॅलरी. एक किलोकॅलरी म्हणजे ४.२ किलोज्यूल आणि शरीराची कार्यक्षमता साधारण एक-चतुर्थांश, त्यामुळे हे दोन आकडे जवळजवळ जुळतात. पॅडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं पॉवर मीटर लावणारे सायकलस्वार जेवणाचा अंदाज याच सोप्या नियमानं बांधतात.

सपाटीवर चित्र अगदी वेगळं असतं. ताशी ३० किलोमीटरनं जाताना खरा विरोध करते ती हवा. त्या वेगाला हवेसाठी सुमारे १२० वॅट खर्च होतात आणि टायरच्या घर्षणासाठी तीसेक. आता वुल्फ क्रीकचा सर्वांत तीव्र, ६.८ टक्क्यांचा चढ घ्या आणि वेग ताशी १० किलोमीटर. इथे हवेला मोजून तीन-चार वॅट, घर्षणाला दहाएक, आणि गुरुत्वाकर्षणाला जवळपास १५०. म्हणून चढावर वाकून बसण्यानं, महागड्या एअरो हेल्मेटनं काही साधत नाही. उलट हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवून छाती मोकळी ठेवलेली बरी.

पायांवरचा भार हलका करायचं काम गिअरचं. पुढच्या दातेरी चक्रीला ३४ दात आणि मागच्या चक्रीलाही ३४ दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरी घेतं आणि सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेरे मारले की वेग होतो ताशी दहा किलोमीटर. त्याच सायकलवर पुढे ५० आणि मागे ११ दातांवर चेन असेल, तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर अंतर कापलं जातं, पण चढावर तो गिअर गुडघ्यांची परीक्षा बघतो. जड गिअर रेटताना स्नायूंमधले लवकर थकणारे तंतू कामाला लागतात. हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवले की तो भार हृदय आणि फुप्फुसांकडे सरकतो, आणि ती दोघं दिवसभर राबू शकतात.

निदान समुद्रसपाटीला तरी. ३,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, ते कमी होत नाही. हवाच विरळ होते, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू एक-तृतीयांशानं कमी येतात. समुद्रसपाटीला रक्तातली ऑक्सिजन-संपृक्तता ९७-९८ टक्के असते. इतक्या उंचीवर पाहुण्याच्या शरीरात ती बसल्या जागीही नव्वदच्या आसपास येते, आणि जोर लावला की आणखी खाली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी घटते. म्हणजे खाली जो वेग आरामाचा वाटत होता, तोच वर धाप लावतो. घड्याळातल्या वॅटच्या आकड्याला चिकटून राहणारे इथे फसतात. अशा वेळी श्वास हेच खरं मोजमाप. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करायलाच हवा.

शरीर जुळवून घेतं, पण आपल्या गतीनं. पहिल्या काही तासांत श्वासाचा वेग वाढतो. त्यानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडं अल्कधर्मी होतं. पुढचे दोन-तीन दिवस मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा समतोल सावरतात. मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही काही तासांतच वाढतं, पण त्याच्या आदेशावरून तांबड्या पेशींची संख्या अर्थपूर्ण वाढायला आठवडे लागतात. स्पर्धेतला स्वार समुद्रकिनाऱ्यावरून निघून, चाळिशीपार तापणारं वाळवंट ओलांडून, दोन-तीन दिवसांत या खिंडीत पोचतो. त्याला ही सवलत मिळतच नाही. एक दिलासा मात्र आहे. उंचीचा त्रास म्हणून ओळखली जाणारी डोकेदुखी आणि मळमळ बहुधा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होते. तोवर स्वार माथा गाठून बराच खाली उतरलेला असतो.

मग इंधनाचं काय? स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बाळगतात, म्हणजे ढोबळमानानं २,००० किलोकॅलरी. हा हाताशी असलेला डबा. चरबी ही मागची कोठी, भरपूर भरलेली पण संथपणे उघडणारी. हळू चढलात तर शरीर कोठीतून बरंच काढतं. जोर वाढवला की ते डब्यावर तुटून पडतं, आणि विरळ हवेत तोच जोर शरीराला जास्त वाटतो, म्हणून डबा आणखी लवकर रिकामा होतो. सायकलवाले ज्याला ‘बॉंक होणं’ म्हणतात ते हेच. पाय शिशाचे होतात, डोकं सुन्न होतं, रागही येतो आणि रडूही. खाऊन ही तूट पूर्ण भरत नाही. आतड्यातला ग्लुकोज वाहून नेणारा मार्ग तासाला साधारण ६० ग्रॅमवर भरून जातो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा, त्यामुळे दोन्ही मिसळून घेतल्यास सराव असलेल्याला तासाला ९० ग्रॅमपर्यंत पचवता येतं. ते झाले ३६० किलोकॅलरी. आपल्या हिशोबातला चढाईचा खर्च तासाला सहाशेच्या घरात! उरलेली तूट चरबीनं भरून निघावी असं वाटत असेल, तर वेग आवरण्याशिवाय दुसरा उपाय नाही. गुरुत्वाकर्षणाला द्यायचे ते द्यावेच लागतात. ते कोणत्या साठ्यातून जावेत, एवढंच स्वाराच्या हातात असतं.

माथ्यावर लोक फोटो काढतात, हसतात. माझ्या मते सगळ्या प्रवासातली धोक्याची वेळ हीच. चढताना पॅडलवर १६० वॅट पोचत होते तेव्हा अंगात सुमारे ५०० वॅट उष्णता तयार होत होती. ताशी दहा किलोमीटरला वारा जवळजवळ नसतो, म्हणून ती उष्णता घामावाटेच बाहेर पडते. ती सगळी घामानंच काढायची तर तासाला पाऊण लिटर घाम वाळावा लागतो. जर्सी पाठीला चिकटलेली, हातमोजे ओले. आणि उतार सुरू झाला की पाय थांबतात, अंगातली भट्टी विझते आणि वेग साठपर्यंत जातो. हवेचं तापमान ५ अंश असेल, तर ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ते उणे २ अंशांसारखं लागतं. ओल्या कपड्यांत त्याहून वाईट. थंडीनं हात थरथरले की हँडल थरथरतं, आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला हे कळत नाही. आल्प्समधले जुने शर्यतपटू माथ्यावर वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवत. कागद वारा अडवतो आणि अंगालगतची हवा जागेवर धरतो. विंडचीटर विसरलात, तर आजही हा उपाय तितकाच चालतो.

उतारावर चढाचा सगळा हिशोब उलटा फिरतो. मघाशी जमा केलेले ९०० किलोज्यूल आता कुठेतरी जायला हवेत: हवेत किंवा ब्रेकमध्ये. सतत ब्रेक धरून ताशी २५ नं उतरलात, तर ६.८ टक्क्यांच्या उतारावर सुमारे २८० वॅट उष्णता अखंड रिममध्ये, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यात जाते, आणि वेग कमी असल्यानं तिला थंड करायला वाराही पुरेसा नसतो. कड्यालाच घासणाऱ्या रिम ब्रेकच्या सायकलवर यानं ट्यूब फुटू शकते. रस्ता सरळ आणि मोकळा असेल तिथे अंग उभं करून बसा, छातीवर वारा घ्या. वेगाच्या वर्गानं वाढणारा हवेचा विरोध फुकटात ब्रेकचं काम करतो. वळणाआधी एकदा नीट, ठामपणे दाबा आणि सोडा. साठवरून वीसवर येताना ॲल्युमिनियमच्या दोन रिम मिळून दहा-बारा अंशांनी तापतात आणि पुढच्या सरळ पट्ट्यात निवतात. एक लक्षात ठेवायला हवं: विरळ हवा इथेही कमी विरोध करते, म्हणून कसाऱ्यात ज्या उतारावर सायकल ५२ ला स्थिरावेल, तिथे ती या उंचीवर साठ गाठते.

या स्पर्धेत उतारावर मान दगा देते, तेही इथेच सांगायला हवं. वाकून बसलेल्या स्वाराला पुढचं बघायला डोकं सतत मागे उचलून धरावं लागतं. दिवसचे दिवस असं केल्यावर मानेचे स्नायू अचानक हार मानतात आणि डोकं छातीवर कोसळतं. मायकल शर्मर यांना १९८३ च्या स्पर्धेत असं झालं, तेव्हापासून या त्रासाला त्यांचंच नाव पडलं आहे.

खिंडीच्या पलीकडच्या उतारानंतरचं साउथ फोर्क गाव मागे पडलं की रस्ता सॅन लुईस खोऱ्यात शिरतो आणि सपाट होतो. या खोऱ्यातलं अलामोसा गाव सुमारे २,३०० मीटरवर आहे. हवेची घनता समुद्रसपाटीच्या ८० टक्के, त्यामुळे त्याच जोरात सायकल थोडी वेगानं पळते. बहुतेकांना इथे वेळ भरून काढायचा मोह होतो. पण खायला, पाणी प्यायला आणि ओले कपडे बदलायला हाच पट्टा आहे, कारण पुढे ला व्हेटा खिंड २,८६९ मीटरची आणि तिच्यामागे कुचारा, तीन हजारांच्या आसपास.