पर्यटनाचे प्रात्यक्षिक शिक्षण आणि ऑनलाइन अध्यापन

गाइडचे काम, सहलीची व्यवस्था, तिकीट आरक्षण, हॉटेलातील स्वागतकक्ष ही पर्यटनातील कामे करूनच शिकावी लागतात. ती ऑनलाइन शिकवल्यास विद्यार्थ्याच्या हाताला कितपत वळण लागते, याचे सरसकट उत्तर नाही. मूळ काम संगणकापुढे बसून करायचे आहे की माणसांपुढे उभे राहून, यावर बरेचसे ठरते.

तिकीट आरक्षणात ऑनलाइन अध्यापन वर्गाच्या तोडीस तोड उतरते, काही बाबतींत सरसही ठरते. अमॅडियस, सेबर यांसारख्या संगणकीय आरक्षण-प्रणालींच्या सराव आवृत्तीत विद्यार्थी खऱ्याच आज्ञा टाइप करतो. प्रवाशाचे नाव, प्रवासाचा टप्पा, संपर्क यांपैकी काही राहिले तर नोंद जतन होत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. भरलेल्या वर्गात एकट्या शिक्षकाला प्रत्येकाची चूक इतक्या तत्परतेने दाखवता येत नाही. भाडेरचना, व्हिसाचे नियम, सहलीचा खर्च काढणे हेही घरबसल्या नीट शिकता येते.

गाइडच्या कामाचे तसे नाही. गाइड-प्रशिक्षणासाठी 2008 मध्ये आलेल्या ईएन 15565 या युरोपीय मानकात किमान 600 प्रशिक्षण-एकके सांगितली असून त्यांतील 40 टक्के प्रात्यक्षिकांसाठी आहेत. ही अट का, ते बसमधील एका सरावातही दिसते. प्रवाशांकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाइडच्या डाव्या हाताला जे असते, ते प्रवाशांच्या उजवीकडे असते. वास्तू खिडकीशी येण्याआधीच वाक्य सुरू करावे लागते, नाहीतर ती मागे पडते. नियम म्हणून हे दोन मिनिटांत समजते, पण बस चालू असताना नवखा हमखास उलटी बाजू सांगतो. उतरल्यावर गटाच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी जागा धरणे, मागे रेंगाळणाऱ्यांवर नजर ठेवणे, बस सुटण्यापूर्वी माणसे मोजणे, हे कॅमेऱ्यापुढे बसून अंगवळणी पडत नाही. मात्र स्वतःचे निवेदन चित्रित करून पाहिल्याने उच्चार, बोलण्याचा वेग आणि उगाच लांबलेली वाक्ये सुधारतात. हा फायदा थोडा नाही.

आभासी सहली स्थळभेटीच्या पूर्वतयारीला उपयोगी पडतात, भेटीची जागा घेऊ शकत नाहीत. शिवाय एकाच कंपनीच्या साधनावर अभ्यासक्रम बेतणे जोखमीचे असते: शाळांमध्ये वापरले जाणारे गूगल एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचे साधन जून 2021 मध्ये बंद झाले.

2020 मध्ये कोविडमुळे पर्यटनसंस्थांचे वर्ग एकाएकी ऑनलाइन गेले. त्या काळातील अनुभव जपूनच वाचावा लागतो, कारण तेव्हा पर्यटनच ठप्प होते आणि उमेदवारीसाठी हॉटेले उघडी नव्हती. घाईने पडद्यावर नेलेला वर्ग आणि मुळातूनच ऑनलाइन आखलेला अभ्यासक्रम यांना एका मापाने मोजणे योग्य नव्हे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घालणारी मिश्र पद्धत निव्वळ वर्गाध्यापनापेक्षा सरस ठरली. पण मिश्र वर्गांना अनेकदा जादा वेळ आणि साहित्य मिळाले होते, त्यामुळे सगळे श्रेय माध्यमाला देता येत नाही, असेही त्यातच नमूद आहे.

मोजमापाची अडचण याहून मोठी आहे. परिणामकारकता बहुधा लेखी गुणांवरून किंवा विद्यार्थ्यांच्या समाधानावरून ठरवली जाते. चिडलेल्या पाहुण्याला किंवा चुकलेल्या विमानाला विद्यार्थी कसा सामोरा जातो, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी परीक्षकाला गटाबरोबर चालावे लागते.