वाचलेलं १० टक्के, शिकवलेलं ९० टक्के?

जून उजाडला की ठाण्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो रंगीत त्रिकोण हमखास येतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि दुसऱ्याला शिकवलेलं थेट ९०. घोडबंदर रोडवरच्या आमच्या स्टाफरूममध्येही तो कपाटाच्या दारावर होता, चिकटपट्टी पिवळी पडेपर्यंत. प्रशिक्षणात मीही तो दाखवलाय.

आधी आकडेच बघा. सगळे दहाच्या पटीत कसे? खरी मोजणी केली की १७, ४३ असलं काहीतरी निघतंच. शिवाय वाचलं काय, कविता की लोकलचं वेळापत्रक? चाचणी तासाभराने घेतली की महिन्याने? त्रिकोणात यातलं काहीच नाही. १९४६ साली अमेरिकेत छापलेल्या ज्या शंकूच्या आकृतीवरून तो आला असं सांगतात, त्यात टक्केवारी नव्हतीच. ती मागाहून जोडली गेली.

मग मुलांकडून शिकवून घेणं फुकट? अजिबात नाही. समजलेलं समजावून सांगताना ते पक्कं होतं. पण वाचलंच नाही तर सांगणार काय? खरा जोर पुस्तक मिटून आठवण्यात आहे, तेही दिवसांच्या अंतराने.

पडताळायचंय? सारख्या अवघडपणाचे दोन धडे घ्या. एक पुन्हा वाचून घ्या. दुसऱ्यावर तेवढ्याच वेळात, पुस्तकं मिटून, प्रश्न विचारा. आठ दिवसांनी न सांगता दोन्हींवर चाचणी. एका वर्गावर थांबू नका, दोन-तीनदा करा.

आमच्या कपाटावर आता तासिकांचा तक्ता आहे.