डोलकाठीभोवतीचा डेक मऊ पडलाय? सिलिकॉन लावण्याआधी हे वाचा

मे महिन्यात होड्या वर ओढायची वेळ आली की आम्हाला ठरलेला फोन येतो: "काठीच्या बुडाशी डेकला बारीक तडे गेलेत, फोटो पाठवतो, किती लागतील?" फोटोवरून आम्ही आकडा सांगत नाही. काहींना ही टाळाटाळ वाटते, पण तडा वर दिसतो आणि कूज आत असते.

फायबरचा डेक बहुधा आतून भरीव नसतो. वरखाली फायबरचे थर आणि मध्ये बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लाय. बुडाच्या बोल्टांतून, वायरीच्या भोकातून पाणी झिरपतं, लाकूड कुजतं आणि डेक दबतो. मग स्टे, म्हणजे काठीला ताणून धरणाऱ्या तारा, सैल पडतात, मालक टर्नबकल (तारा ताणायचे पेच) आवळतात आणि काठी आणखी खाली रेटली जाते. वरचेवर स्टे आवळावे लागत असतील, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकून बघा. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथपर्यंत कूज पोहोचलीय असं धरा.

आता कळकळीची विनंती. तड्यांत सिलिकॉन भरू नका. आत गेलेलं पाणी कोंडतं, सुकायची वाटही बंद होते. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागेवर ना रेझिन (फायबर जोडणारा, घट्ट होणारा द्रव) धरत, ना रंग. सरळ ग्राइंडर फिरवला तर ते निघत नाही, आजूबाजूला पसरतं. म्हणून आधी ब्लेडने खरवडायचं, सॉल्व्हंटने पुसायचं, फडकं बदलून परत पुसायचं, मग ग्राइंडर. इतकं करूनही कधी कधी रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे उठतात, की पुन्हा पहिल्यापासून. ट्यूब स्वस्तात येते; ती काढायची मजुरी आम्ही बिलात वेगळी लावतो. होडी आमच्याकडे येईपर्यंत वरून ताडपत्री बांधा आणि बाजूने वारा खेळू द्या, तेवढं पुरे.

काठी न उतरवता होईल का? नाही. ती ज्यावर उभी आहे तेच कापायचं असतं. कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत आतलं काढतो आणि काठीखाली परत बाल्सा न घालता इपॉक्सी रेझिनमध्ये भरीव फायबर बसवतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं हे खरं, पण जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त. जोडाच्या कडेला 1:12 उतार देतो, म्हणजे 4 मिमीच्या थराला सुमारे 5 सेंमी. "तडा एवढासा आणि ठिगळ केवढं!" असं ऐकावं लागतं, ते याचमुळे. बोल्टांची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरतो आणि त्यातच नवी पाडतो. पुढे बोल्टाशी गळलंच तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. केबिनमधल्या टेकूच्या खांबाचं बूडही तेव्हाच तपासून देतो.

पावसाळी हवेत ओलं लाकूड लवकर सुकत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात शीड लावायचं असेल, तर डेक पावसाआधीच उघडलेला बरा. तपासणीची फी काम दिल्यास बिलातून वजा होते. कापलेला तुकडा आम्ही ठेवून देतो. येऊन बघा, हवा तर घेऊन जा.