गूगलवर एक स्टार पडला, आता काय करायचं?

(दुकानदार, खानावळवाले, डॉक्टर आणि होमस्टे चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"कुणीतरी एक स्टार देऊन गेलंय, आत्ताच्या आत्ता काढून टाका!" असा फोन आम्हाला वरचेवर येतो. वर्षानुवर्षं उभं केलेलं नाव एका ओळीने खाली येतंय असं वाटलं की झोप उडते, हे आम्ही जवळून पाहिलंय. म्हणून हे पत्रक.

रिव्ह्यू ना तुम्हाला पुसता येतो, ना आम्हाला. गूगलकडे तक्रार करता येते, पण त्यांचा नियम मोडला असेल तरच तो निघतो. शिवीगाळ असेल, जाहिरात असेल किंवा स्पर्धकाने मुद्दाम टाकला असेल, तर तक्रार जरूर करू. "भाजी खारट होती" हे मात्र गिऱ्हाइकाचं मत आहे, ते राहणारच. खात्रीने काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. "गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान मॅपवरून जाईल" हे फोनही फसवणुकीचे. गूगलवरचं तुमच्या व्यवसायाचं पान, म्हणजे प्रोफाइल, फुकट असतं.

उत्तर मात्र तुमच्या हातात आहे. ते तक्रार करणाऱ्यापेक्षा उद्या येणारं गिऱ्हाईक जास्त वाचतं. रागात लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. मग साधं लिहा: "रविवारी गर्दीत तुम्हाला ताटकळावं लागलं, माफ करा. आता रविवारी वाढायला एक माणूस वाढवलाय." खरोखर वाढवला असेल तरच हं. डॉक्टरांनी जास्त जपावं: आजार, उपचार, इतकंच काय, ती व्यक्ती तुमची पेशंट होती हेसुद्धा उत्तरात येता कामा नये.

आता थोडा हिशोब. चौघांनी पाच स्टार दिले आणि एकाने एक, तर सरासरी ४.२. पाच देणारे ४९ असतील तर तोच एक स्टार पडूनही ४.९. म्हणून बिल देताना रिव्ह्यू मागायची लाज बाळगू नका, काउंटरवर क्यूआर कोड ठेवा. मागायचा तर सगळ्यांकडे मागा, फक्त खूश दिसणाऱ्यांकडे नाही. बदल्यात सूट किंवा फुकट चहा देणं गूगलच्या नियमात बसत नाही. विकतचे रिव्ह्यू तर आम्ही कुणालाच आणून देत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यातही असे रिव्ह्यू छापू नयेत असंच म्हटलंय.

आमच्या अनुभवात बरेचसे एक स्टार मालामुळे पडतच नाहीत. गणपतीत दुकान बंद आणि गूगलवर 'उघडे'. पिन मागच्या गल्लीत. फोन नंबर जुना. लांबून गाडी घेऊन आलेला माणूस बंद शटरसमोर उभा राहून काय लिहिणार? सणांच्या विशेष वेळा आधीच भरता येतात. सुट्टीची तारीख ठरली की आम्हाला एक व्हॉट्सअ‍ॅप करा, आम्ही भरून टाकू.

पहिल्या भेटीला येताना प्रोफाइल कुणाच्या ईमेलवर आहे ते तपासून या. ते पुष्कळदा भाच्याच्या नाहीतर जुन्या डिझायनरच्या खात्यावर निघतं. मालकी तुमच्याच ईमेलवर हवी. आम्हाला फक्त मॅनेजर म्हणून जोडा, पासवर्ड देऊ नका. काम थांबवलंत तर आमचं नाव तुम्हीच काढू शकता.