‘व्हॉल्व्ह बंद झालाय’ : सॉफ्टनरच्या जुन्या आणि नव्या हेडची पार्श्वभूमी

कोल्हापुरात सॉफ्टनरबाबत, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राबाबत, ‘व्हॉल्व्ह बंद झालाय’ हे वाक्य तीन अर्थांनी चालतं. बायपास फिरवून पाणी अडवलं तरी बंद, मोटार फिरेना तरी बंद, आणि उत्पादकाने ते मॉडेल काढणं थांबवलं तरी बंदच. खरा घोळ तिसऱ्या अर्थाचा. सॉफ्टनर म्हणजे रेझिनची (कठीणता शोषणाऱ्या बारीक मण्यांची) टाकी आणि तिच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हचे दोन भाग असतात. खाली बॉडी : पाण्याच्या वाटा, पिस्टन किंवा फ्लॅपर (छोट्या झडपा), सील, इंजेक्टर (मिठाचं पाणी ओढणारं तोंड). वर हेड : घड्याळ, मोटार, दातेरी चाकं. बाजारातून गेली ती बहुतेक वेळा हेड. उदाहरणार्थ, ऑटोट्रोलच्या २५५ या फ्लॅपर बॉडीवरची ४०० मालिकेची हेड गेली, ७०० मालिकेची आली, बॉडी तीच राहिली. पिस्टनवाल्या प्रचलित बॉडींचे सील-स्पेसर संचही मिळत राहिले. तरी ‘मॉडेल बंद, टाकीसकट नवा संच घ्या’ असं कोटेशन हातात पडतं, ते या एका शब्दाच्या आधारावर.

हेडच्या आधी हातानेच काम चाले. शिरोलीच्या कारखान्यांत, इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये लोखंडी व्हेसलच्या पुढ्यात पाच-सहा वेगळे व्हॉल्व्ह असत आणि बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणं), ब्राइन (मिठाचं पाणी सोडणं), रिन्स (साध्या पाण्याने धुणं) हा क्रम ऑपरेटरच्या डोक्यात. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हने तो एका दांड्यावर आणला. एफआरपी (फायबरग्लासच्या) व्हेसलवर तो अजूनही दिसतो आणि रोज हात लावणारा माणूस असेल तर वाईट नाही.

घरं आणि अपार्टमेंटमध्ये आली ती यांत्रिक घड्याळाची हेड. १२ दिवसांचं चाक, त्यावरच्या खुणा, ठरलेल्या रात्री २ वाजता रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं. मोटार सिंक्रोनस, म्हणजे वेळ विजेच्या वारंवारतेवर चालणार. ६० हर्ट्झची हेड ट्रान्सफॉर्मर लावून इथे जोडली, तर व्होल्टेज जुळतं, वारंवारता नाही. ५० हर्ट्झवर ते घड्याळ दिवसाला ४ तास मागे पडतं. रोजच्या रिजनरेशनवर लावलं असेल, तर आज पहाटे २ ला एक रिजनरेशन झालं की पुढचं उद्या पहाटे २ ला नव्हे, उद्या सकाळी पावणेसातच्या सुमारास होतं. रिजनरेशन चालेल तेवढा वेळ नळाला कच्चं, जड पाणी, आणि तेही नेमकं सोलर-गीझरच्या वेळी. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या कडक भारनियमनात ५० हर्ट्झच्या हेडचीही तीच गत झाली. वीज जाईल तितका वेळ घड्याळ थांबायचं, बॅटरी नव्हतीच. ‘रेझिन मेलंय’ म्हणून बदललेल्या टाक्यांपैकी काहींत दोष फक्त घड्याळाचा होता, हे मान्य करायला हवं. दात्याचं चाक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कापून मिळेल, पण मोटार गेली की ती युक्ती संपते.

नव्या डिजिटल हेडने दोन गोष्टी बदलल्या. वीज गेल्यावरही घड्याळ काही काळ टिकतं, आणि दिवस मोजण्याऐवजी लिटर मोजले जातात. मीटरवाल्या जुन्या हेडच्या गियर केबलऐवजी मीटरच्या टर्बाइनवरच्या चुंबकाचे फेरे मोजणारी सेन्सरची वायर येते. म्हणून जुनी बॉडी ठेवली तरी मीटरचा तुकडा नवा घ्यावा लागतो, आणि फ्लॅपर प्रकारात कॅमशाफ्टही (फ्लॅपरची उघडझाप करणारा दांडा).

पण सेटिंगमध्ये नवा घोळ शिरला : पाण्याची कठीणता भरायची ती ग्रेनमध्ये की पीपीएममध्ये? १ ग्रेन प्रति अमेरिकन गॅलन म्हणजे १७.१ पीपीएम. समजा ४० लिटर रेझिन आहे आणि बोअरची कठीणता ४०० पीपीएम. लिटर रेझिनमागे १२० ग्रॅम मीठ धरलं, तर लिटरला साधारण ५० ग्रॅम कठीणता धरण्याची क्षमता मिळते, म्हणजे एकूण २,००० ग्रॅम, सुमारे ३१,००० ग्रेन. एका रिजनरेशनवर ५,००० लिटर पाणी निघतं. सुरक्षेसाठी ४,२०० धरा. हेड ग्रेनमध्ये असेल तर कठीणता २३ किंवा २४ भरायची. तिथे ४०० भरलं, तर यंत्र प्रत्येक ३०० लिटरला मीठ ओढत बसेल आणि खडा मिठाचं पोतं दोन-चार दिवसांत संपेल. ब्राइनचा हिशेब सोपा : एका लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. ४.८ किलो मिठासाठी मिठाच्या टाकीत १३ ते १४ लिटर पाणी भरावं लागतं, तेवढी रिफिलची (पाणी भरण्याची) मिनिटं.

बदलताना चुकतं ते छोट्या जागी. पुरवठा बंद करून दाब सोडल्याशिवाय हेडचे स्क्रू काढू नयेत. इंजेक्टर व्हेसलच्या व्यासाप्रमाणे असतो. नव्या व्हॉल्व्हसोबत आलेला तसाच ठेवला आणि तो मोठा निघाला, तर ब्राइन घाईने निघून जाते आणि मीठ संपूनही पाणी जडच राहतं. ड्रेनचा फ्लो कंट्रोलही तसाच : छोटा असेल तर बॅकवॉश कमजोर, मोठा असेल तर रेझिन गटारात. अख्खी बॉडी बदलायची असेल, तर रायझर पाइप (व्हेसलच्या आतली उभी नळी) नव्या बॉडीला लागेल तेवढ्या उंचीचा आहे ना, हे पाहा. आखूड पडला तर ओ-रिंग पकडत नाही आणि कच्चं पाणी थेट आउटलेटला मिसळतं. सीलला सिलिकॉन ग्रीसच लावावं. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावलं, तर रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो.