गुळाचा खडा उपयोगी का पडला नाही?

नवरात्रातली सकाळ. मावशी अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभी होती. नऊ दिवसांचा उपवास, पण शुगरची गोळी तिनं रोजच्या वेळेला घेतलीच. 'गोळी चुकवायची नाही' एवढं तिच्या डोक्यात पक्कं. वरी आणि शेंगदाण्याची आमटी दर्शन झाल्यावर खायची होती. रांग काही हलेना. साडेदहाच्या सुमारास तिचे हात कापायला लागले, पाठ घामानं भिजली आणि बोलणं अडखळायला लागलं. मागच्या बाईंनी लगेच पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात दिला. कोल्हापुरात गुळाला काय तोटा? पण पंधरा मिनिटं झाली तरी मावशी तशीच. शेवटी कुणीतरी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजली, तेव्हा कुठं ती माणसात आली.

गूळ का चालला नाही, हे तिच्या स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरांत छापलं होतं. मावशीच्या लेखी ती 'एक गोळी'. प्रत्यक्षात त्यात तीन औषधं: ग्लिमेपिराइड 1 मिग्रॅ, मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ, वोग्लिबोज 0.2 मिग्रॅ. अशा तिहेरी गोळ्या आपल्याकडं सर्रास दिल्या जातात.

शुगर उतरवली ती ग्लिमेपिराइडनं. या जातीच्या औषधांचा शोध अपघातानं लागला. 1942 मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथं विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देताना मार्सेल जांबाँ या डॉक्टरांना दिसलं, की काहींची साखर धोकादायकरीत्या खाली जातेय. ऑग्युस्त लुबातिए यांनी त्याचा माग काढला आणि तो दुष्परिणामच पुढं मधुमेहावरचा उपचार झाला.

एरवी जेवणानंतर रक्तात ग्लुकोज वाढलं, की स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरची पोटॅशियमची दारं मिटतात आणि पेशी इन्शुलिन सोडते. ग्लिमेपिराइड ती दारं स्वतःच मिटवतं. पोटात अन्न आहे की नाही, याची विचारपूस करत नाही. म्हणून ही गोळी नाश्त्याला बांधलेली असते, घड्याळाला नाही. नाश्ता नसेल तर ती घ्यायची का, किती घ्यायची, हे उपवास धरण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा अंमल आणखी लांबतो.

आता वोग्लिबोज. साखर काय, गूळ काय, दोन्ही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडगोळी. ही जोडी फुटल्याशिवाय आतड्यातून रक्तात जात नाही. फोडण्याचं काम आतड्याच्या भिंतीवरची विकरं (एन्झाइम) करतात आणि वोग्लिबोज नेमकं त्यांनाच अडवून धरतं. एरवी हे सोयीचं. भाता-भाकरीचं पिष्ट सावकाश पचतं आणि जेवणानंतर शुगर उसळत नाही. पण शुगर उतरलेली असताना तोंडात टाकलेला गूळसुद्धा तसाच खोळंबून राहतो. उसाच्या रसाचं आणि पेढ्यातल्या साखरेचंही तेच. ग्लुकोज पावडर मात्र आधीच सुटी असते, फोडायला काही उरलेलंच नसतं. दुधातली साखर फोडणारं विकर वेगळं, म्हणून दूध चालतं. पण गंगावेशच्या दूधकट्ट्यावरचं म्हशीचं दाट दूध कितीही चांगलं असलं, तरी स्निग्धांशामुळं त्याला वेळ लागतो. अशा वेळी ग्लुकोजच हाताशी हवं.

शुगर 70 च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं दिसली, तर साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, नाही वाढली तर पुन्हा द्यायचं. सावरल्यावर काहीतरी खायला हवंच, उपवास असला तरी. गोळी अजून आत काम करतेय. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मेटफॉर्मिन त्या मानानं गुणी. एकट्यानं ते सहसा शुगर फार खाली नेत नाही, कारण त्याचं मुख्य काम यकृतातून सुटणारं ग्लुकोज कमी करण्याचं. पोट बिघडू नये म्हणून जेवणासोबत घ्यावं. पाठीमागं 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलं असेल तर गोळी चावायचीही नाही, कुटायचीही नाही. नाहीतर सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं. शौचातून कधी गोळीचं रिकामं कवच पडतं, त्यानं घाबरू नये. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावं, ते कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या आल्या की आपण सगळं शुगरवर ढकलतो, पण कधी कधी कारण बी-12 ची कमतरता असते.

आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशनच्या आधी ती थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारावंच. शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

एक तक्रार मेडिकलवाल्यांबद्दल. पाच गोळ्या मागितल्या की कात्री चालते; औषधांची नावं आपल्या तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्याच्या घरी. मावशी आता अख्खी स्ट्रिप घेते आणि नावं भाच्याकडून मोठ्या अक्षरांत वहीत लिहवून घेते. पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी ग्लुकोजची पुडी असते. यंदा घटस्थापनेच्या आठ दिवस आधीच ती डॉक्टरांकडं जाऊन बसली, वही घेऊन.